सामाईक तक्ता

सल्लागाराने फळ्यावर घर काढलं तेव्हाच मी ओळखलं, याला काही येत नाही.

चौकोन, त्यावर उतरतं छप्पर, आत तीन खोल्या. "हे म्हणजे स्कीमा," तो म्हणाला. मग शेजारी तीन सुटी घरं काढली. तिन्हींना दारं, खिडक्या आणि एकाला झाडसुद्धा. "आणि हे म्हणजे वेगवेगळे डेटाबेस. आता मला सांगा, भावाभावांचं पटत नसेल तर कुठे राहणं बरं?"

टेबलाभोवती बसलेले तिघे भाऊ खूश झाले. दोन वर्षांत त्या तिघांनी एकदम मान डोलावलेली मी पाहिलेली ती पहिलीच वेळ.

ज्याला डेटाबेस कळत नाही तो घर काढतो. बावीस वर्षं मी हे काम करतोय आणि बावीस वर्षं लोक माझ्यासमोर घरं काढतायत. घरं, कपाटं, डबे, ड्रॉवर. एका महाभागाने फ्रिज काढला होता. कुणीही कधी डेटाबेस काढला नाही, कारण तो काढायला आधी पाहिलेला असावा लागतो.

तिघा भावांची रक्तपेढी होती. वडिलांनी काढलेली, शहराच्या तीन टोकांना तीन शाखा. वडील गेल्यावर थोरल्याने एक घेतली, मधल्याने दुसरी, धाकट्याने तिसरी, आणि तिघांनी मिळून एकमेकांचा संशय घेतला. रक्तदात्यांच्या याद्या, पेशंट, पिशव्यांचा साठा, सगळं एकाच डेटाबेसमध्ये होतं आणि तो डेटाबेस मी बांधला होता. त्यात प्रत्येक शाखेची वेगळी स्कीमा. थोरल्यांच्या माणसाला फक्त थोरल्यांचं दिसायचं, मधल्यांच्या माणसाला मधल्यांचं. परवानग्या मी अशा आवळल्या होत्या की धाकट्यांच्या काउंटरवरून मधल्यांच्या एका दात्याचा फोन नंबरही निघाला नसता.

तरी मधल्यांच्या माणसाने थोरल्यांच्या दात्यांना फोन केलेच. कसे? थोरल्यांच्याच कारकुनाने यादी कागदावर छापली, जेवायला बाहेर नेली आणि तिथेच विसरून आला. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कारकून पडला थोरल्यांच्या बायकोचा मावसभाऊ. तेव्हा दोष डेटाबेसला देणं सोयीचं होतं, डेटाबेसला कुणी मावसबहीण नसते.

त्या तीन स्कीमांशिवाय एक चौथी होती. तिचं नाव मी ठेवलं होतं सामाईक, आणि तिच्यात एकच तक्ता होता. माझ्या आयुष्यात मी केलेलं एखादं काम दाखवा म्हणालात तर मी तो तक्ता दाखवेन.

रक्तगट म्हणजे ए, बी, ओ एवढंच लोकांना माहीत असतं. त्यापलीकडे रक्ताला डझनावारी बारीक खुणा असतात. ज्याला पुन्हा पुन्हा दुसऱ्याचं रक्त घ्यावं लागतं त्याचं शरीर कधीतरी त्यातल्या एखाद्या खुणेवर बिथरतं आणि तिच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. त्यातल्या काही फार लबाड. काही महिन्यांत इतक्या ओसरतात की तपासणीत सापडतच नाहीत. क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि पेशंटचं रक्त एकत्र करून बघणं, नीट जुळतो, सगळं ठीक दिसतं. पण शरीर विसरलेलं नसतं. ती खूण असलेलं रक्त परत गेलं की आठवड्याभरात ते सगळं फोडून टाकतं, पेशंट पिवळा पडतो, मूत्रपिंडं बसतात. त्यापासून वाचवणारी गोष्ट एकच: कधीकाळी, कुठल्यातरी शाखेत ती अँटीबॉडी सापडली होती, ही नोंद. माझा तक्ता म्हणजे ती नोंद. पेशंट तिन्हींपैकी कुठेही जावो, नाव घातलं की एका क्वेरीत, म्हणजे एकाच प्रश्नात, समोर.

आणि त्या पेशंटांत माझी ताई होती. चार वर्षं झाली, तिची अस्थिमज्जा रक्त बनवायला कंटाळलीय. दर सहा-सात आठवड्यांनी दोन पिशव्या लागतात. घरात आम्ही दोघंच उरलो. तिने लग्न केलं नाही, मी केलेलं टिकलं नाही. ती मला लहानपणापासून "शहाण्या" म्हणते, आणि ती ते कौतुकाने म्हणत नाही.

तर त्या बैठकीत मी एकच गोष्ट सांगितली. आपल्याकडची प्रणाली अशी आहे की एका डेटाबेसच्या पोटातल्या दहा स्कीमा एका क्वेरीत एकत्र बघता येतात, पण डेटाबेसच वेगळे केले तर एकाला दुसऱ्यातलं काही दिसत नाही. सामाईक तक्ता तीन ठिकाणी तुटेल.

"त्याची प्रत ठेवू ना तिन्हीकडे," सल्लागार म्हणाला, आणि झाड असलेल्या घरावर टिचकी मारली. "शिवाय एका शाखेचं काही बिघडलं तर फक्त तिचाच बॅकअप परत घालता येईल. बाकीच्यांना धक्का नाही."

हे मात्र खरं होतं. धाकट्यांच्या हुशार माणसाने एकदा महिनाभराचा साठा पुसला होता आणि बाकी दोघांना हात न लावता तेवढाच परत आणताना माझा अख्खा दिवस गेला होता. आंधळ्याच्या हातीही कधी बरोबर दार लागतं. मी ते कबूल केलं नाही.

मी सात पानांचं टिपण लिहिलं. थोरल्यांनी ते उघडलंच नाही. मधल्यांनी विचारलं, "याचं एका ओळीत काही होईल का?" धाकट्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मग सल्लागाराचा आराखडा आला, चव्वेचाळीस पानी, पानोपानी घरं. सामाईक तक्त्याबद्दल त्यात अर्धी ओळ होती: "प्रत्येक डेटाबेसमध्ये प्रत करावी."

ती अर्धी ओळ मी तीनदा वाचली. प्रत करावी. पुढे त्या प्रती एकमेकींशी जुळत्या ठेवाव्यात, असं कुठेच नव्हतं. म्हणजे वाटणीच्या दिवशी तिन्ही तक्ते सारखे, आणि दुसऱ्या दिवसापासून थोरल्यांकडे सापडलेली अँटीबॉडी फक्त थोरल्यांकडे. तिन्ही प्रती जुळत्या ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला मला दोन दिवस लागले असते. फार तर तीन.

मी लिहिला नाही. कुणी सांगितलं होतं? चव्वेचाळीस पानांत जागा नव्हती त्याला. मी मनात म्हटलं, फुटू दे. यांच्या नाकातोंडात पाणी गेलं की येतील धावत, मग बघू. वाटणीच्या सोमवारी सांगितल्याप्रमाणे तीन प्रती केल्या, आराखड्यातल्या त्या ओळीसमोर "पूर्ण" लिहिलं, आणि घरी जाऊन मस्त झोपलो.

कुणी धावत आलं नाही. महिना गेला, सहा गेले. काहीच फुटलं नाही. सल्लागाराला तिघांनी जेवण दिलं.

आली ती फक्त फोनबाई.

ती मधल्यांच्या शाखेतली तंत्रज्ञ. हे नाव मी ठेवलेलं. तिथे कधीही फोन लावा, लाइन बिझी. कधीही जा, बाईंच्या खांद्यावर फोन, हातात पेन आणि तोंडाने "हो, हो, स्पेलिंग सांगा." कामाच्या वेळात कुणाशी एवढ्या गप्पा चालतात देव जाणे. संगणकावर दोन बोटांनी टाइप करायची आणि वाक्याच्या शेवटी तीन टिंबं द्यायची. तिची पहिली तक्रार वाटणीनंतर आठवड्यातच आली: "दुसऱ्या शाखेतल्या पेशंटची अँटीबॉडीची नोंद आमच्याकडे दिसत नाही... आधी दिसायची..."

मी एक शब्द लिहिला, "रचनेनुसार", आणि तक्रार बंद केली. दोन महिन्यांनी तीच तक्रार, तीच टिंबं. रचनेनुसार. बंद. मग तिसरी, मग चौथी. खरं सांगायचं तर मला मजा यायची. सात पानं मी लिहिली तेव्हा कुठे होतात सगळे? आता भोगा. या बाईचा यात काही हात नव्हता, पण ती त्यांची बाई, आणि माझा राग कुठेतरी जाणं भाग होतं.

मधल्या काळात ताईला अँटीबॉडी निघाली. वाटणीनंतर तिसऱ्या महिन्यात, थोरल्यांच्या शाखेत. ती कायम तिथेच जायची. त्यांनी तिला एक छोटं कार्ड दिलं, कायम जवळ ठेवा म्हणून बजावलं, आणि तिने ते पंधरा दिवसांत कुडत्याच्या खिशातून धुऊन काढलं.

"नवीन मागू का रे?" तिने विचारलं होतं.

"कशाला? सिस्टिममध्ये असतं सगळं," मी म्हणालो होतो. अगदी तोऱ्यात. माझी सिस्टिम ना.

तर तो मंगळवार. वाटणीला चौदा महिने झाले होते. सकाळी साडेनऊला ताईचा फोन आला.

"शहाण्या, आज मी मधल्यांकडे आलेय. थोरल्यांची लिफ्ट बंद आहे, तीन जिने कोण चढणार? इथे बरं आहे, खुर्च्या मऊ आहेत. सँपल घेतलंय, आता बसवून ठेवलंय."

"बरं. काही खाल्लंस का?"

"खाल्लं. तू तुझं बघ."

मी माझं बघू लागलो. साडेअकराला फोनबाईची पाचवी तक्रार आली. "एका पेशंटची अँटीबॉडी थोरल्या शाखेत आहे, आमच्याकडे नोंद नाही असं येतं... आधी दिसायची... कृपया बघावे..." मी पहिल्या ओळीपलीकडे गेलोच नाही. रचनेनुसार. बंद. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग चहा घ्यायला उठलो.

कप अर्धा झाला असेल. खिडकीखाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी पीं पीं करत होती. मी तिकडे बघत होतो आणि डोक्यात उगाच तिची टिंबं घोळत होती. आधी दिसायची. आधी दिसायची. आणि मग मी कप तिथेच खिडकीत ठेवला.

ताईची नोंद कुठे होती? थोरल्यांच्या डेटाबेसमध्ये. ताई कुठे होती? मधल्यांच्या खुर्चीत.

जागेवर येऊन तीन खिडक्या उघडल्या, कारण आता तीनच उघडाव्या लागत. थोरल्यांकडे ताईच्या नावासमोर लाल अक्षरांत अँटीबॉडी, तारीख अकरा महिन्यांपूर्वीची. मधल्यांकडे ताईचं नाव आजच घातलेलं, समोर "पूर्वीची नोंद नाही" आणि शेजारी हिरवी खूण. ती हिरवी खूण माझी कल्पना होती. काही नसलं की डोळ्यांना बरं वाटावं म्हणून.

अकरा महिन्यांत ती अँटीबॉडी केव्हाच ओसरली असणार. आज तपासणीत सापडणार नाही, क्रॉसमॅच बिनबोभाट जुळेल. शाखेला फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी. बाईंच्या गप्पा! मी तिला त्या क्षणी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. ताईला लावला तर वाजत राहिला. हातात सुई असली की ती फोन पर्समध्ये टाकते.

मी पळालो. मधल्यांची शाखा गाडीने बारा मिनिटांवर आहे. बारा मिनिटं माणसाला स्वतःशी बोलायला फार झाली. दोन दिवसांचं काम, फार तर तीन. सिग्नलला थांबलो की मनात एकच हिशेब, दोन दिवस, फार तर तीन, आणि मी ते चौदा महिने केलं नव्हतं कारण कुणी माझी सात पानं वाचली नव्हती. सल्लागाराला निदान येत नव्हतं. मला येत होतं.

रक्त चढवायच्या खोलीचं दार मी ढकललंच. ताई खिडकीशी मऊ खुर्चीत. हातात सुई, डोक्यावर पिशवी टांगलेली, अर्धी रिकामी.

"थांबवा!" मी ओरडलो. "काढा ते! काढा आधी!"

खोलीतले चार पेशंट माझ्याकडे बघायला लागले. फोनबाई शेजारच्या टेबलावरून उठली. खांद्यावर फोन होताच. "एक मिनिट हं, परत करते," असं त्यात म्हणून तिने तो खाली ठेवला आणि माझ्या आणि पिशवीच्या मधे येऊन उभी राहिली.

"हात लावू नका. बरोबर आहे ती पिशवी."

"तुम्हाला माहीत नाही, तिला अँटीबॉडी आहे! थोरल्यांकडे नोंद आहे, तुमच्याकडे दिसत नाही—"

"माहितीये," ती म्हणाली. "ती खूण नसलेलीच पिशवी दिलीय. आमच्याकडे नव्हती, धाकट्यांकडून मागवली. म्हणून तर तासभर बसवून ठेवलं त्यांना."

"पण तुम्हाला कसं कळलं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदीच बावळट विचारलंय. "फोन केला."

टेबलावर एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेले, वर आकडा दोन. म्हणजे एक भरून झाली होती. तिने ती माझ्यापुढे सरकवली. प्रत्येक ओळीला पेशंटचं नाव, जन्मतारीख, थोरल्यांकडे कुणाशी बोलले, धाकट्यांकडे कुणाशी बोलले, काय उत्तर आलं. रक्त घ्यायला आलेल्या प्रत्येक माणसासाठी दोन फोन. ताईची ओळ त्या दिवसातली सहावी होती.

"हे कधीपासून करताय?"

"वाटणी झाली त्या आठवड्यापासून. एक पेशंट म्हणाले, मला परवाच थोरल्यांकडे कार्ड दिलं होतं, आणि आमच्याकडे तर हिरवी खूण. तेव्हापासून मी हिरव्या खुणेवर विश्वास ठेवत नाही. बाकी दोन्हीकडच्या मुलींनाही सांगितलं, त्याही मला फोन करतात. मालकांचं एकमेकांशी बोलणं नाही, आमचं आहे." ती खुर्चीत बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला कळवलं होतं ना मी. आज सकाळीही कळवलं, ह्यांचंच होतं. तुम्ही रचनेनुसार लिहिलंत. मला त्यातलं कळत नाही. मला वाटलं, रचना अशीच असेल, की आम्ही फोन करायचे."

मी वही उचलून घेतली.

"अरे बस की," ताई खुर्चीतून म्हणाली. "केवढा घामेघूम झालायस. काय झालं काय तुला? ह्या बाईंनी सगळं नीट केलंय. किती वेळ फोनवर होत्या माझ्यासाठी."

मी स्टुलावर बसलो. वही हातातच होती म्हणून पानं उलटू लागलो. जिथे दुसऱ्या शाखेत अँटीबॉडी निघाली तिथे तिने नावाभोवती निळ्या पेनाने गोल केला होता. दोन गोल, मग चार. मी पहिली वही मागितली, तिने खालच्या ड्रॉवरमधून काढून दिली. दोन्ही मिळून अकरा गोल. अकरा माणसं, ज्यांना माझ्या हिरव्या खुणेनुसार ती पिशवी चढली असती. अकरावी ताई.

पहिल्या दहांतल्या चौघांच्या तारखा मी ओळखल्या. त्या तारखांना तिची तक्रार आली होती आणि मी ती बंद केली होती. बाकीच्या सहांसाठी तिने मला कळवायचंही सोडलं होतं.

"एक विचारू का?" फोनबाई म्हणाली. फोन परत खांद्यावर गेला होता, पेन हातात. "पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन आहे. पंधरा दिवस मी नाही. तेव्हा फोन कोण करणार, एवढंच बघाल का?"

पलीकडून कुणीतरी उचललं. तिने मला हाताने थांबा अशी खूण केली, आणि एका अनोळखी माणसाचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगू लागली. तिचं होईपर्यंत मी वही मांडीवर घेऊन थांबलो.